तिसऱ्यांदा विचारल्यावर

माझ्या बायकोला तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय 'हो' म्हणता येत नाही. यात तिचा दोष नाही, तिच्या माहेरचा आहे. नीलांबरी अमरावतीची. तिकडे पाहुण्यानं पहिल्यांदा 'नको' म्हणायचं ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा म्हणायचं ते यजमानाची माया किती आहे हे बघायला, आणि तिसऱ्यांदा निमूट ताट पुढं करायचं. मी पुण्याचा. आमच्याकडे पाहुण्याला एकदा विचारतात आणि तो 'नको' म्हणाला की डब्याला झाकण लावतात. लग्नानंतर पहिला आठवडाभर ही बाई आमच्या घरात अर्धपोटी राहिली. आई विचारायची, "पोळी वाढू का गं?" ही म्हणायची, "नको." आई पुढच्या ताटाकडे वळायची. शेवटी एका दुपारी डब्यातला गूळ खाताना मी हिला पकडलं, तेव्हा सगळा उलगडा झाला.

न्यूझीलंडला आलो तेव्हा मला वाटलं, ही माणसं सदाशिव पेठेतून तर इथं आली नाहीत? चहा हवा का, एकदाच विचारणार. नको म्हटलंत तर "नो वरीज" म्हणून स्वतःचा कप भरून घेणार. मला इथं पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं. नीला मात्र शेजाऱ्यांकडून चहा न पिता परत यायची आणि घरी येऊन आधण ठेवायची.

आम्ही हॅमिल्टनला होतो. मी एका दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर आणि नीला फार्मासिस्ट. इथल्या परीक्षा पुन्हा पहिल्यापासून देऊन ती एका केमिस्टकडे लागली होती. ही गोष्ट शहाण्णव सालातल्या हिवाळ्याची, आणि ती खरी आमच्या श्रुतीची आहे.

श्रुती तेव्हा आठ वर्षांची होती. पुण्यात तिला फार तर सर्दी व्हायची. हॅमिल्टनच्या धुक्यानं आणि भाड्याच्या घरातल्या ओलीनं तिला दमा दिला. माझी आई फोनवर म्हणाली, "त्या पंपाची सवय लागेल हो पोरीला." एरवी सासूपुढं ब्र न काढणारी नीला त्या दिवशी फाडकन म्हणाली, "श्वासाची सवय आहे ना आई तिला, ती तेवढी राहू दे." श्रुतीचा निळा पंप घरात कायम हाताशी असायचा. शाळेत मात्र नव्हता. शाळेचा नियम असा, की सगळी औषधं ऑफिसातल्या कपाटात राहतील, कपाटाला कुलूप असेल आणि किल्ली सेक्रेटरीकडे.

जूनमध्ये मुलांची क्रॉस-कंट्री शर्यतीची तयारी सुरू झाली. गवतावर दव गोठलेलं, आणि इथली पोरं त्यावरून अनवाणी पळतात. आमचीही पळाली. मैदानाच्या पार टोकाला तिला धाप लागली, छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. बाईंनी तिला उचलून ऑफिसात आणलं. कपाटाला कुलूप. सेक्रेटरी जॉयस पोस्टात गेलेली, आणि किल्ली तिच्या पर्समध्ये. जॉयस परत येईपर्यंत पोरीचे ओठ निळे पडले होते.

वाचली. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा गोष्टीत वाचणाऱ्याला टांगून ठेवणं मला आवडत नाही. पंप मिळाला, श्वास आला, संध्याकाळी घरी येऊन तिनं वरणभातसुद्धा खाल्ला. पण त्यानंतर ती पळेना. मधल्या सुट्टीत सगळी मुलं मैदानावर जायची आणि आमची पोरगी ऑफिसच्या पायरीवर बसून राहायची. रोज. बाईंनीच हे आम्हाला सांगितलं.

मी तिला विचारलं, "पायरीवर का बसतेस गं?"

मराठी सगळी कळते तिला, पण उत्तर इंग्रजीत. म्हणाली, "बिकॉज द की इज देअर, बाबा."

ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात न जाता थेट शाळेत गेलो. मुख्याध्यापिका मिसेस हॉजसन भल्या बाई. पण माझा राग हा आमच्या घराण्याचा राग आहे, तो माणूस बघत नाही. मी टेबलावर अशी मूठ आपटली की फुलदाणी कलंडली आणि पाणी त्यांच्या मांडीवर गेलं. नीला मागून धावत आली आणि तिनं आधी पदरानं टेबल पुसलं.

मिसेस हॉजसन रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल, पण हा नियम बदलणं माझ्या हातात नाही. तो बोर्डाचा आहे." दोन वर्षांपूर्वी एका मुलानं आपला पंप वर्गात गोळ्या-बिस्किटांसारखा वाटला होता, तेव्हा तो केला होता. इथं शाळा सरकारी, पण चालवतं पालकांनी निवडून दिलेलं बोर्ड. कुणी प्लंबर, कुणी शेतकरी, कुणाची आई. "मंगळवारी संध्याकाळी मीटिंग आहे. औषधांचं धोरण वर्षभरासाठी पुन्हा मंजुरीला येणार आहे. पालकांना येऊन बसता येतं. नीला, मी तुमचं नाव घालते. तुम्ही फार्मासिस्ट आहात, तुम्ही बोला."

गाडीत बसल्यावर नीलानं मला शपथ घातली. "मंगळवारी तुम्ही यायचं, माझ्याशेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. घ्या माझी शपथ."

मी घेतली. आता मला सांगा, असल्या बाईवर विसंबून कुणी गप्प बसण्याची शपथ घेतो का? पण फुलदाणी पडली होती ना.

मंगळवारपर्यंत ती बोलायची तयारी करत होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, पुटपुटत. श्वासनलिका कशी आवळते, औषध किती वेळात काम करतं, सगळं तोंडपाठ. मला समोर बसवून म्हणून दाखवलं, आणि खरं सांगतो, ती इतकी छान बोलली की मीच मत बदललं असतं, जर माझं वेगळं मत असतं तर. मंगळवारी दुपारी तिनं शंकरपाळे तळले. "मीटिंगला शंकरपाळे?" मी म्हटलं. ती म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं जायचं लोकांकडे?" वर निळी इरकली नेसली, त्यावर कार्डिगन, पायात बूट. श्रुतीला शेजारच्या कांचनकडे सोडलं आणि आम्ही निघालो.

मीटिंग शिक्षकांच्या खोलीत होती. हीटरसमोर सात-आठ माणसं. अध्यक्ष ग्रॅहम, धंद्यानं प्लंबर, पंजे फावड्यासारखे, आवाज मऊ. त्यानं आम्हाला "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला, खुर्च्या दिल्या. इतिवृत्त वाचलं गेलं. मग तो म्हणाला, "औषधांचं धोरण. श्रुतीची आई आज आली आहे. नीला, तुम्हाला यावर काही बोलायचंय?"

सगळ्यांनी हिच्याकडे पाहिलं. आणि माझी बायको गोड हसून म्हणाली, "नाही नाही, प्लीज, तुमचं चालू द्या."

"नो वरीज," ग्रॅहम म्हणाला. "मग धोरण आहे तसंच. कुणाची हरकत? नाही? मंजूर." आणि त्यानं पुढचं पान उलटलं.

मला वाटलं, माझ्या कानशिलातली शीर आता फुटणार. "अगं, बोल ना!" मी दातांतल्या दातांत म्हटलं.

"आत्ता परत विचारतील ना," ती कुजबुजली.

"कोण? तुझे मामा?"

पुढचा विषय गवत कापायच्या यंत्राचा होता. जुनं दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं. त्यावर मात्र सगळे बोलले. शेतकरी बोलला, प्लंबर बोलला, कुणाचा तरी मेहुणा यंत्रं विकतो तेही निघालं. माझ्या पोरीच्या श्वासाला यांनी पान उलटण्याइतका वेळ दिला, आणि गवताला बघा! मी खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसलो. शपथ नसती तर तिथं फुलदाणी लागलीच नसती, मी टेबलच उलटं केलं असतं.

आणि मग मी शेजारी पाहिलं. नीलाच्या मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा होता आणि ती त्यावर हात ठेवून बसली होती. तिच्या लक्षात आलं होतं. कुणी परत विचारणार नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती, कारण पुसले तर दिसलं असतं. माझा सगळा राग तिथं ओसरला. मला एवढंच दिसत होतं की उद्या मधल्या सुट्टीत पोरगी पुन्हा त्या पायरीवर बसणार, परवा बसणार, आणि वर्षभर बसणार.

यंत्राचं ठरल्यावर ग्रॅहम म्हणाला, "पाच मिनिटं चहा घेऊ, मग बाकीचं." लोक उठले. नीलाही उठली. मला वाटलं, घरी चालली. पण हिनं डबा उघडला आणि थेट ग्रॅहमपुढं जाऊन उभी राहिली. रडायला आलं तरी पाहुणचार चुकायचा नाही, अशी ती अमरावती.

"घ्या ना, घरी केलेत."

"नो थँक्स, नको मला," ग्रॅहम म्हणाला.

"एकच घ्या."

"खरंच नको. जेवून आलोय."

"हातचं आहे माझ्या. एक." डबा त्याच्या छातीला टेकला होता.

ग्रॅहम हसला, एक घेतला, तोंडात टाकला. मग फावड्याएवढ्या पंज्यानं मूठभर घेतले. खाता खाता म्हणाला, "तुम्ही 'नको' ऐकतच नाही की."

"आमच्याकडे पहिला 'नको' मानायचा नसतो," नीला म्हणाली. "दुसराही नाही. तो नुसता चांगल्या वळणाचा असतो. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं सांगतो." आणि मग तिचा आवाज कापायला लागला. "तुम्ही मला एकदाच विचारलंत."

ग्रॅहमचं चावणं थांबलं. प्लंबर असला तरी माणूस जड डोक्याचा नव्हता. त्यानं हातातले शंकरपाळे बशीत ठेवले. "म्हणजे तुम्हाला बोलायचं होतं?"

मी लांबून पाहत होतो. नीलाचे ओठ 'न' म्हणायला विलगले. देवाशपथ सांगतो, विलगले. वयाची पस्तीस वर्षं तिच्या जिभेवर बसलेली सवय ती, ती कुठं जाणार? मी शपथ मोडायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "हो."

दुसऱ्याच विचारण्याला, तिसऱ्याची वाट न बघता. माझ्या समोर, माझ्या आयुष्यात, प्रथमच.

ग्रॅहमनं चमच्यानं कपावर टकटक केलं. "बसा सगळे. औषधांचा विषय पुन्हा उघडतोय. मी घाई केली." दोघंतिघं चहा हातात घेऊनच बसले.

आता ही श्वासनलिकेपासून सुरू करणार, मी मनात म्हटलं. पण ते सगळं पाठांतर कुठं गेलं कुणास ठाऊक. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला श्रुतीचा पंप हवाय. तुमच्यापैकी कुणी आणून देता का, प्लीज?"

सगळ्यांनी मिसेस हॉजसनकडे पाहिलं. त्या उठल्या, किल्ल्यांचा जुडगा घेऊन ऑफिसात गेल्या. भिंतीपलीकडून खणांचे आवाज येत होते. एक खण, दुसरा खण. कुणी चहा पीत नव्हतं. नीला तशीच उभी होती. बराच वेळ गेला. मिसेस हॉजसन रिकाम्या हातानं परत आल्या, आणि मी त्यांचा चेहरा कधी विसरणार नाही.

"कपाटाची किल्ली जॉयसकडेच असते," त्या म्हणाल्या. "जॉयस घरी गेली. मी तिला फोन करते."

"करा," नीला म्हणाली. "मी थांबते. श्रुतीही थांबली होती."

शेवटी ग्रॅहमच म्हणाला, "फोन नको. कळलं आम्हाला."

चष्मेवाले एक गृहस्थ होते, हिशेब वगैरे बघणारे. त्यांनी बोट वर केलं. पंप मुलांकडे दिले आणि पुन्हा कुणी वाटले तर? निरोगी मुलानं ओढला तर? इथं मात्र आमची फार्मासिस्ट जागी झाली. "छाती धडधडेल थोडी. हात थरथरतील. थोड्या वेळानं थांबेल, आणि तो मुलगा परत त्याच्या वाटेला जाणार नाही. असं झालं तर मला बोलवा, मी केमिस्टमधून दोन मिनिटांत येते. पण ज्याला हवाय त्याला तो मिळाला नाही, तर मला बोलावून उपयोग नाही." मग तिनं सांगितलं की ती स्वतः येऊन सगळ्या शिक्षकांना पंप कसा द्यायचा ते शिकवेल, आणि एक जादा पंप बिनकुलपाचा ऑफिसात राहू दे.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली अरोहा नावाची बाई खाकरली. तीही बोर्डावर, तिचा मुलगा श्रुतीच्याच वर्गात. आत्तापर्यंत ती फक्त गवताच्या यंत्रावर बोलली होती. म्हणाली, "आता सांगूनच टाकते. आमच्या पोराला दमा आहे, आणि तो पंप मोज्यात लपवून आणतो. मीच घालते मोज्यात. दोन वर्षं."

"अरोहा, धोरणाला तूच तर अनुमोदन दिलं होतंस!" चष्मेवाले म्हणाले.

"हो, आणि घरी जाऊन मोज्याला आतून खिसा शिवला."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. मिसेस हॉजसन तर डोळे पुसत होत्या. त्या हशातच मत घेतलं गेलं. ज्या मुलाला पंप लागतो त्याचा पंप त्याच्याजवळ राहील, नाव लिहून. सगळे हात वर गेले, चष्मेवाल्यांचासुद्धा. माझाही गेला होता. ग्रॅहम म्हणाला, "तुमचा मोजता येणार नाही, पण वर असू दे."

बाहेर आलो तर धुकं इतकं दाट की आपली गाडी कुठली ते कळेना. गाडीत बसल्यावर नीला आधी रडली, मग हसायला लागली, मग दोन्ही एकदम. मला इतकं हलकं वाटत होतं की किल्ली लावायची राहिली. कित्येक आठवडे आपण छातीत काय घेऊन फिरत होतो ते मला उतरल्यावर कळलं.

"दुसऱ्यांदा विचारल्यावरच हो म्हणालीस," मी म्हटलं. "लग्नाचं किती वेळा विचारावं लागलं होतं?"

"तुम्ही एकदाच विचारलंत. उरलेल्या दोन वेळा बाबांनी विचारलं."

डबा रिकामा झाला होता. निघताना ग्रॅहमनं तळाचा चुरासुद्धा हातावर घेतला होता.

दुसऱ्या दिवशी नीलानं जुन्या खणाच्या तुकड्याचा छोटा बटवा शिवला, त्याला नाडी घातली आणि श्रुतीच्या कमरेला बांधला. आत पंप. पोरगी दिवसभर त्याला हात लावून बघत होती. मी विचारलं, "आता खेळशील ना?" ती म्हणाली, "मेबी."

मेबी म्हणजे काय ते आई-बापाला विचारा. गुरुवारी मला कारखान्यात चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीत गाडी काढली आणि शाळेच्या कुंपणापाशी उभी केली. ऑफिसची पायरी तिथून नीट दिसते. पायरी रिकामी होती.

माझं धाबं दणाणलं. आधी तेच डोक्यात आलं, पुन्हा काही झालं, आत झोपवलंय, अँब्युलन्स बोलावली असेल. मी कुंपणाच्या कडेनं धावतच निघालो. बूट चिखलात रुतत होते. आणि मग मैदानाच्या पार टोकाला, त्याच टोकाला, मला खणाचा लाल रंग दिसला. तीन-चार मुलींमागं आमची श्रुती पळत होती. अनवाणी. बटवा कमरेवर उड्या मारत होता.

तिनं मला पाहिलं आणि धापा टाकत कुंपणापाशी आली. गाल लालभडक. मी वाकून तिच्या छातीशी कान नेला, नीलानं शिकवल्याप्रमाणे शिट्टी ऐकायला. शिट्टी नव्हती. नुसता पळून आलेल्या पोरीचा श्वास होता, गरम आणि भरपूर.

"आय ॲम जस्ट पफ्ड, बाबा," ती वैतागून म्हणाली, नुसती धाप लागलीय म्हणे, आणि मैत्रिणी बघतायत का ते पाहिलं.

मी म्हटलं, "थकलीस का? घरी येतेस?"

"नो!" ती म्हणाली आणि वळून पळाली.

मी पुण्याचा माणूस. परत विचारलं नाही.